लुझोलोची न वाळणारी गिटार

मादाम बोयाली एकदा शिंकली, तेव्हा नदीपलीकडच्या ब्राझाव्हिलमध्ये एका बोकडचोराने आपणहून गुन्हा कबूल केला, असं किन्शासात सांगतात. बोकड एक होता की दोन, यावर अजून वाद आहे. पण त्या मंगळवारी सकाळी लुझोलो तिच्या दारात रडत आली, यावर कुणाचाच वाद नाही.

"मादाम, माझी गिटार वाळत नाही."

तपासाच्या कामातला बोयालीचा जोडीदार तोको, एकेकाळचा टॅक्सीवाला, खाता खाता ठसकला. त्याच्या शर्टावर नाताळातल्या कोंबडीच्या रश्श्याचा लाल डाग जुलैतही तसाच तुकतुकीत होता. "पोरी, आमच्याकडे दरोडे येतात. गिटार उन्हात ठेव की!"

"जुलैत ऊन कुठाय, तोकोकाका? नुसतं आभाळ. पण आभाळ असलं तरी तीन दिवसांत वाळतंच. आज आठवा दिवस आहे."

लुझोलो आठ वर्षं पापा म्बेन्झांच्या कारखान्यात होती. ही तिच्या हातची पहिली गिटार. मागणी इयोफेची, ज्याचा वाद्यवृंद शनिवारी दुपारी दौऱ्यावर निघणार होता.

"आणि नाही वाळली तर?" बोयालीने विचारलं.

"पहिली गिटार चुकली, तर त्या हाताला दुसरी मिळत नाही. पापांचा नियम आहे."

कारखान्यात गिटारीचं खोड, तारांविना नुसतं लाकडी अंग, आढ्याला टांगलेलं होतं. पासष्टीचे पापा म्बेन्झा टुणकन स्टुलावर चढले, खोड सोडवून तितक्याच सहज खाली उतरले.

"घाई नडली पोरीला," ते म्हणाले. "रंगाचा पहिला हात वाळायच्या आत दुसरा फासला असणार."

"एकच हात दिलाय, पापा."

बोयालीने बोट फिरवलं. पाठ कोरडी, कडा कोरड्या. फक्त पुढच्या अंगाला, भोकाच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन चिकट डाग. तिने नखाने हळूच खरवडलं. वरचा रंग सायीसारखा निघून आला. खालचं लाकूड नारिंगी, तेलकट. रंग आत मुरलाच नव्हता.

"या हवेचंही कौतुक आहे," ती पुटपुटली. "नेमक्या दोनच जागा निवडल्या."

पलीकडे मातोंदो, दुसरा कारागीर, रंधा मारत होता.

"जळतोस ना तिच्यावर?" बोयालीने त्याला विचारलं.

"जळतो की! मी दहा वर्षं इथे, ती आठ. गिटार मिळाली कुणाला? पण मादाम, त्या दिवशी आम्ही एकाच डब्यातला रंग, एकाच फडक्याने लावला. माझी दुरुस्तीची गिटार चौथ्या दिवशी गिऱ्हाईक घेऊनसुद्धा गेलं."

"रंगाआधी लाकडाला हात कुणी लावला?"

"कोऱ्या लाकडाला? छे! आम्ही ते फडक्यातच धरतो. घासून झालं की पापा दोन्ही तळवे फिरवतात, खडबड राहिली का बघायला. त्यानंतर थेट रंग. मध्ये बोट लावायची कुणाची छाती नाही."

अंगणात पापांची बायको अल्फोन्सिन कसाव्याची पानं कुटत होती.

"यात लाल पामतेल नाही घालत, वहिनी?" बोयालीने विचारलं.

"डॉक्टरांनी यांना बंद केलंय. घरात एकच शिशी आहे. रंग लागायच्या आदल्या दिवशी यांनी हट्टाने मागून घेतली, म्हणे गुडघ्यांना चोळायला."

"इयोफे तुमचं जुनं गिऱ्हाईक ना?"

मुसळ थांबलं. "वीस वर्षं यांच्याच हातची वाजवतो. या खेपेला म्हणाला, लुझोलोने करावी. त्या दिवशी हे जेवले नाहीत."

बोयालीने सगळ्यांना गिटारीभोवती उभं केलं. तोकोने छाती फुगवली. "मी ओळखलं! मातोंदो!"

"तुझा शर्ट तुझ्यापेक्षा हुशार आहे, तोको. तो नाताळातला डाग बघ, पामतेलातल्या रश्श्याचा. जवसाचं तेल हवेत वाळतं, म्हणून रंग त्यात कालवतात. पामतेल सात जन्म वाळत नाही, आणि त्यावर दुसरं काही धड वाळू देत नाही. डबा आणि फडकं खराब असतं, तर मातोंदोची गिटारही चिकटली असती. रंगावर कुणी तेल ओतलं असतं, तर खालच्या लाकडात रंग मुरलेला दिसला असता. तेल रंगाच्या खाली आहे. म्हणजे कोऱ्या लाकडाला लागलं. आणि कोऱ्या लाकडाला एकच माणूस हात लावतो."

बोयाली पापांकडे वळली.

"तेल लागलेल्या हातांचा मालक म्हणेल, गुडघ्यांना चोळलं होतं. पण दुखऱ्या गुडघ्याचा माणूस स्टुलावर टुणकन चढत नाही. पापा, त्या डागांवर हात ठेवता?"

पापांनी ठेवले. दोन्ही तळवे डागांवर नेमके बसले.

"गिटार मोडायची नव्हती मला," ते म्हणाले. "उशीर व्हावा, एवढंच. इयोफेने पुन्हा माझ्याकडे यावं. लाकूड हातात घेतलं तेव्हा कळलं, खडबड कुठेच नव्हती. माझ्या कामात असते कधीकधी."

लुझोलोने डोळे पुसले. "शनिवारला किती दिवस?"

"चार," पापा म्हणाले.

"मग टर्पेंटाईन घ्या. निम्मं काम तुमचं."

दुपारभर गुरू-शिष्या खोड पुसत राहिली. रात्रभर त्यावर कसाव्याचं पीठ दाबून ठेवलं. उरलंसुरलं तेल त्याने पिऊन टाकलं. बुधवारी सकाळी घासून लाकूड पुन्हा कोरं झालं. तीन दिवस वाळायला, बरोबर शनिवार.

रिवाजाप्रमाणे पापा पुढे झाले, दोन्ही तळवे उचलले.

लुझोलोने खोड फडक्यासकट छातीशी धरलं.

"पापा," ती म्हणाली, "आधी साबण."