नाव न घेतलेली हाक

रविवारी मुलाला कुठेतरी फिरवून आणायचं, हा नोकरदार आईबापांचा अलीकडचा धर्म आहे. नंदुरबारात राहून तो पाळायचा तर बागा कमी आणि देवस्थानं फार, म्हणून हेमकांतने गाडी तापीकाठच्या प्रकाशा गावाकडे काढली. तापीचा घाट, देवदर्शन, भेळ आणि परत. चार वर्षांचा चंदन हट्टाने पुढच्या सीटवर बसला होता. सीटबेल्ट गळ्याला घासतो म्हणून वरचा पट्टा काखेखालून घ्यायची त्याची खोड. मागून त्याची आई स्वप्नाली तो नीट करायची, की हा पुन्हा काखेखाली.

"पप्पा, नदीला झाकण असतं?"

"असतं. उन्हाळ्यात लावायला विसरतात, म्हणून नदी आटते."

"चांगलं शिकवा," स्वप्नाली म्हणाली. शेजारी कौसाबाई, हेमकांतची आई, तोंडाला पदर लावून हसत होती.

निघायच्या वेळी ऊन उतरलं होतं. घाटावर ओल्या दगडांचा आणि कुजलेल्या झेंडूचा वास होता. गुडघ्यांमुळे कौसाबाई गाडीतच बसून होती. तिने काच खाली केली.

"हेमकांत, पोऱ्याले नाव लिसनी हाक मार. 'चाल घर' म्हन."

"समोर तर आहे. येईल की."

"हासू नको. आठे वाळूमा धाकला धाकला पोरे पुरेल शेतस. त्यासले बलावाले कोनी येत नही."

लहान मुलं गेली तर जाळत नाहीत, नदीकाठी पुरतात. म्हणून काठावरून उठताना आपल्या मुलाला नावाने हाक मारून न्यायचं, म्हणजे दुसरं कुणी ती हाक आपली समजत नाही. हेमकांतला हे लहानपणापासून ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक असलेल्या गोष्टींची थट्टा करणं हीच त्याची सुशिक्षितपणाची व्याख्या होती. त्याने एसटीच्या कंडक्टरसारखा तोंडाजवळ हात नेला.

"चला, कोणाला यायचंय त्यांनी बसून घ्या…"

भेळवाला हसला. पाण्याच्या कडेला पाठमोरा उकिडवा बसलेला चंदन उठला आणि आला. पुढचं दार ओलांडून त्याने मागचं दार उघडलं, आणि मुकाट्याने आजीच्या मांडीवर जाऊन बसला.

कौसाबाई हसली नाही. "तू नाव नही लिधं," एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "माय, माले भूक लागनी."

इंग्रजी शाळेने एवढा बंदोबस्त करूनही अहिराणी घरात शिरली म्हणून हेमकांतला गंमत वाटली. पण पुढे मुलगा तेवढीच बोलू लागला. खायचा, झोपायचा, खेळायचा. फक्त 'चंदन' म्हटलं की मान वळवायचा नाही. डॉक्टरांनी कान तपासले. कान उत्तम होते. एका सकाळी गच्चीवर जाताना हेमकांत सहज म्हणाला, "वर कोणाला यायचंय?" मुलगा हातातलं खेळणं टाकून धावत आला आणि त्याने हेमकांतचं बोट धरलं. बोट नदीच्या वाळूसारखं गार पडलं.

स्वयंपाकघराच्या दारात स्वप्नाली उभी होती. त्या दिवसापासून तिने मुलाला हाक मारणं सोडलं.

"मारली आणि पुन्हा वळला नाही तर…" ती म्हणाली. "त्यापेक्षा नकोच."

शेवटी कौसाबाईनेच सांगितलं. "याले तठेच उतारी दे. चंदनले नाव लिसनी बलाव. मांगे देखू नको."

हेमकांतने थट्टा केली नाही. घाट तोच होता, भेळवालाही तोच. त्याने मुलाला शेवटच्या पायरीवर उभं केलं आणि पाण्याकडे तोंड करून हाक मारली.

"चंदन… चाल घर."

आयुष्यात इतक्या मनापासून त्याने काही म्हटलं नव्हतं. तो वळून चालू लागला, तेव्हा मागून अगदी हळू प्रश्न आला.

"माले आठे काबर सोडी ऱ्हायना…"

न बघता जायचं होतं. पण थंडीत कुडकुडणारं मूल पायरीवर टाकून चालतं होणं, हे कुठल्याही बापाला शिकवलेलं नसतं. तो परत फिरला. मुलाला उचलून त्याने मागच्या सीटवर बसवलं.

गाडी सुरू झाली आणि टुणटुण वाजू लागलं. पुढच्या रिकाम्या सीटवर कुणीतरी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं होतं.

"तो उना," मागून मुलगा म्हणाला. आला तो कोण, हे हेमकांतला विचारावं लागलं नाही.

हेमकांतने रिकाम्या सीटला पट्टा लावला. टुणटुण थांबली. तो जपून, खड्डे चुकवत, तापीच्या पुलावर आला. नदीकडून चिखलाचा वास येत होता. पूल संपता संपता शेजारची गादी हळूच वर आली, उठून गेलेल्या माणसाखालची येते तशी. त्याने गाडी वळवली. पुन्हा घाट, पुन्हा हाक, पुन्हा टुणटुण, पुन्हा पूल. पुलाच्या टोकापुढे ती सीट रिकामी ती रिकामीच.

आता तो दर रविवारी मुलाला घेऊन प्रकाशाला जातो. अशी हौस हल्लीच्या बापांना कुठे असते, म्हणून शेजारी कौतुक करतात. स्वप्नाली माहेरी आहे.

गेल्या रविवारी त्याने पुलाच्या मध्यावरच गाडी थांबवली. मागे उसाचे ट्रॅक्टर भोंगे वाजवत राहिले. पुढे न्यायचंच नाही, इथेच बसून राहायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्याने शेजारी पाहिलं. सीट रिकामी होती. त्याने नीट लावलेला पट्टा मात्र छातीच्या उंचीवर हवेत मुडपला होता, काखेखालून घेतल्यासारखा.

"चंदन…" तो म्हणाला, आणि त्याने तिकडे हात नेला.

तेवढ्यात मागच्या सीटवरून मुलगा पुढे वाकला. शांतपणे, रीतीप्रमाणे, नाव घेऊन त्याने हाक मारली.

"हेमकांत… चाल घर."

आणि हेमकांतचा पाय आपोआप अॅक्सिलरेटरवर पडला.