टाकीच्या तोंडाशी

सकाळी सव्वाआठला दाजी टाकी नंबर दोनवर चढले, तेव्हा त्यांच्या एका खांद्याला हवा तपासायचं मीटर होतं, काखेत परवान्याचं पॅड होतं, आणि डोक्यात राग होता. राग रोजचाच. टाकीत उतरण्याच्या परवान्यावर सुपरवायझरची सही आधीच झालेली होती. हवा तपासली का, पंखा लावला का, दोर बांधला का, सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा. अजून टाकीचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

कारखाना धुण्याच्या साबणाचा. टाकी पोलादी, तीन पुरुष खोल, आणि तिच्या डोक्यावर माणूस जेमतेम जाईल एवढं गोल तोंड. तळाशी एक सांधा गळत होता, तो आतून वेल्ड करायचा होता. अशा कामाला दोघं लागतात. एक आत उतरतो, दुसरा तोंडाशी बसतो. बसणाऱ्याने आतल्यावर लक्ष ठेवायचं, दर पाच मिनिटांनी दोराला एक झटका द्यायचा, आणि आतून एक झटका परत आला की पुढची पाच मिनिटं निभावली असं समजायचं. काही विपरीत घडलं तर बाहेरूनच दोराने ओढायचं आणि हाका मारून माणसं गोळा करायची. स्वतः आत उडी घ्यायची नाही.

या शेवटच्या नियमावर लोक हसत. दाजी हसत नसत. आधीच्या नोकरीत त्यांनी एका खड्ड्याच्या काठावर ते पाहिलं होतं. एकाला आत चक्कर आली, त्याला उचलायला दुसरा उतरला, दुसऱ्यासाठी तिसरा. चक्कर एकालाच आली होती, चादर तिघांवर घालावी लागली.

आत उतरणारा वेल्डर म्हणजे दाजींचा साडू, मेहुणीचा नवरा. कामाला लागला त्याच दिवशी त्याने भर अंगणात "दाजी" म्हणून हाक मारली आणि बायकोच्या माहेरचं नातं सगळ्या कारखान्याला लागलं. पाठीमागे लोक त्यांना 'नियमदाजी' म्हणत. तेही साडवानेच सुरू केलं असणार, असा त्यांना दाट संशय होता.

"दाजी, एवढं मोजमाप लग्नाच्या वेळी केलं असतंत, तर माझ्याच सासुरवाडीत कशाला पडला असतात?" दोर बांधलेला पट्टा अंगावर चढवत साडू म्हणाला.

"मी आधी पडलो होतो. तू मागून आलास. तेव्हाही मी सांगत होतो की विचार कर."

"तेव्हाही ऐकलं नाही."

"तेच म्हणतोय मी."

त्यांनी मीटर दोरीने तळापर्यंत सोडून पाहिलं. प्राणवायू वीस पूर्णांक नऊ दशांश टक्के, जसा बाहेर तसाच आत. पंख्याची जाड पिवळी नळी आत सोडली. मग साडू उतरला. जाताना शिट्टी वाजवत होता. टाकीने ती शिट्टी गिळून जरा जाड करून परत दिली.

सकाळ सरळ गेली. झटका, झटका, वहीत वेळ. बाराचाळीसला साडू जेवायला वर आला आणि दाजींचं डोकं पुन्हा तापलं. तो नुसता वर आला होता. पट्टा खालीच सोडलेला, दोरासकट. वेल्डिंगचं पिस्तूल, ज्याच्या नळीतून सिलिंडरचा वायू येतो, तेही खालीच.

"पट्टा कुठाय?"

"शिडीवर अडकतो हो. खाली काढून ठेवलाय. परत घालायचाच आहे की."

"आणि पिस्तूल? जेवायला येताना ते वर आणायचं आणि सिलिंडर बंद करायचा. किती वेळा सांगू? त्या वायूला वास नाही, रंग नाही. हवेपेक्षा जड. गळू लागला की पाण्यासारखा तळाशी भरतो."

"आलोच जेवून. भाकरी थंड होतेय." साडू बाहेरची शिडी उतरून गेलासुद्धा.

दाजी एकटे उरले. सिलिंडर खाली अंगणात होता, तो स्वतःच बंद करून यायचा असं ठरवून त्यांनी तोंडाभोवती साखळी लावली, 'आत जाऊ नये' ची पाटी अडकवली. उठता उठता, निव्वळ हाताच्या सवयीने, दोराला एक झटका दिला.

आतून एक झटका आला.

ते थांबले. पट्टा कशात तरी अडकला असेल, दोर ताणून सुटला असेल. पुन्हा एक झटका दिला. थोडा वेळ काहीच नाही... आणि मग एक झटका. सावकाश, नीट दिलेला.

त्यांनी तोंडावर वाकून पाहिलं. उन्हातून आत पाहिल्यावर काळोखच दिसतो. शिळ्या साबणाचा गार वास आला. विजेरी फिरवली. तळ रिकामा. पट्टा एका बाजूला, पिस्तूल एका बाजूला. काही हलत नव्हतं.

आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आवाजच नाही. सकाळपासून कानात घुमणारा पंखा बंद होता. पिवळी नळी मेलेल्या जनावरासारखी चपटी पडली होती.

भीती बाजूला राहिली, संतापच वर आला. ते खाली धावले. सुपरवायझरच्या खोलीत पंख्याच्या प्लगच्या जागी चहाची किटली लावलेली होती.

"पाच मिनिटांसाठी काढला हो प्लग," सुपरवायझर म्हणाला. "आत कोणी आहे का आत्ता? नाही ना?"

दाजींच्या तोंडातून 'नाही' निघायला क्षणभर वेळ लागला. "नाही. पण आता पुन्हा तपासल्याशिवाय कोणी उतरणार नाही."

"चारला टाकी भरायची आहे, दाजी. सकाळी तपासलीय ना? हवा काय जेवायला गेली?"

"परवाना तुम्ही न बघता सही करता, तुम्हाला काय कळणार हवा कुठे गेली ते."

"तुमच्या कागदाने साबण होत नाही."

पुढचं ऐकायला ते थांबले नाहीत. सिलिंडरची झडप बंद करायला हात घातला. झडप पुरती उघडी होती. दाबाचा काटा सकाळपेक्षा बराच खाली आला होता. म्हणजे पंखा बंद झाल्यापासून सगळा वायू तळाशी साचत होता...

त्यांनी वर पाहिलं. साखळी सुटलेली होती. साडू तोंडाच्या कडेवर बसला होता. एक पाय आत, दुसराही आत जात होता.

हाक मारली तर तो दचकून पडेल, हे एवढ्या धावपळीतही त्यांना सुचलं. शिडी ते कशी चढले ते त्यांनाच आठवत नव्हतं. साडवाची कॉलर हाताला लागली तेव्हा त्याची छाती तोंडाच्या आत गेली होती. दाजींनी दोन्ही हातांनी त्याला मागे ओढलं. दोघेही टाकीवरच्या लोखंडी जाळीवर उताणे पडले.

साडवाने मान वळवली, दाजींकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. जणू त्याला ओढणारं माणूस भलतंच कोणी निघालं.

"कशाला उतरत होतास?" दाजी धापा टाकत म्हणाले. "पट्टा नाही, पंखा नाही, मी नाही... कशाला?"

साडवाने टाकीच्या तोंडाकडे पाहिलं. 

दाजींनी मीटर दोरीने सोडलं. तोंडाशी वीस. शिडीच्या मध्यावर चौदा, आणि मीटर किंचाळू लागलं. तळाशी सहा. माणूस दोन श्वास घेईल आणि तिसऱ्याला बसल्या जागी कोसळेल, एवढीच हवा. सुपरवायझरला वर बोलावून त्यांनी तो आकडा दाखवला. किंचाळणं ऐकत तो एकदा म्हणाला, "मीटर बिघडलं असेल." 

पिस्तूल नळीने वर ओढून घेतलं. दोर ओढला, पट्टा वर आला. त्याची सगळी बक्कलं लावलेली होती. कमरेचं, छातीचं, दोन्ही मांड्यांचं.

"तू काढलास ना हा? मग परत लावून कशाला ठेवलास?"

"मी लावला नाही," साडू एवढंच म्हणाला.

दाजींनी परवाना आडवा फाडला, नवा उद्या सकाळी काढायचा असं वहीत लिहिलं आणि सुपरवायझरकडून खाली सही घेतली. या वेळी त्याने वाचून केली. मग दोघा साडवांनी मिळून झाकण लावलं. बारा बोल्ट. साडू प्रत्येक बोल्ट पार हाताच्या शिरा तट्ट फुगेपर्यंत आवळत होता. "पुरे रे, उद्या उघडायचंय," दाजी म्हणाले, तरी तो एकेका बोल्टवर पुन्हा पाना फिरवत राहिला.

सुटी झाल्यावर दोघं सायकली हातात धरून चालत निघाले. दाजी सगळा रस्ता बोलत होते. पट्टा, झडप, प्लग. वीस वर्षं घसा कोरडा करूनही घरचंच माणूस ऐकत नाही, तर परक्यांनी का ऐकावं? "मी वेळेवर आलो नसतो तर तुझ्या बायकोला काय तोंड दाखवलं असतं मी? सांग. कशाला उतरत होतास?"

साडू सायकलच्या चाकाकडे पाहत चालला.

"आतून आवाज येत होता, दाजी."

"कुणाचा?"

"तुमचा."

दाजी थांबले.

"वर आलो तर तुम्ही नव्हता. मला वाटलं, तुम्हीच उतरलात आणि पडलात. घरात हाक मारता ना मला, त्या नावाने बोलवत होतात. दम लागलेला..."

"मी सुपरवायझरकडे होतो."

"ते मागून कळलं. तुम्ही कॉलर धरलीत तेव्हा."

"आणि मी... काय म्हणत होतो?"

"आत येऊ नकोस, म्हणत होतात. एवढंच. पुन्हा पुन्हा. आत येऊ नकोस." साडवाचा आवाज खाली आला. "आता तुम्ही आत पडून असं म्हणताय आणि मी बाहेर उभा राहू? तसा नाही हो मी."

रस्त्यावरून एक गाडी गेली. दाजींनी सायकल कडेला घेतली.

"मग थांबला कधी तो आवाज? मी तुला ओढल्यावर ना?" दाजींनी विचारलं.

साडवाने नकारार्थी मान हलवली.

"झाकण लावलं तेव्हाही चालूच होता, दाजी."