राखणवाफा

बीजाणुमापकाच्या पडद्यावर एकसष्ट खाचरांचे नमुने होते आणि एकसष्टही लाल दिसत होते. केतकी मुळमने यंत्र तिसऱ्यांदा चालवून पाहिलं. आकडे काही हलेनात. खोऱ्यातली करप्याची बुरशी 'सप्तम'ला अजिबात दाद देत नव्हती, आणि भातावर चालणारं ते शेवटचंच औषध होतं. आधीची सहा केव्हाच निकामी झाली होती.

"राखणवाफे होते ना?" तिचे वरिष्ठ डॉ. शिराळकर यांनी विचारलं.

"प्रत्येक शेतात."

राखणवाफ्याची कल्पना केतकीचीच. औषध पचवणारी निर्ढावलेली बुरशी वाढायला मंद असते. औषध नसेल तिथे औषधाने मरणारी मवाळ बुरशी तिला सहज मागे टाकते. म्हणून प्रत्येकाने गुंठाभर भात न फवारता सोडायचा. तिथली मवाळ बुरशी वाऱ्याने शेतभर पसरेल आणि निर्ढावलेलीला जागाच उरणार नाही, असा हिशेब होता. तीन वर्षं तो जमलाही.

"मग ही आली कुठून?"

केतकीने नमुन्यांची वंशावळ मागे नेली. प्रत्येक फांदी राखणवाफ्यातच जाऊन थांबत होती.

दुपारी ती यशोदा गुरवांच्या बांधावर पोचली. गावात पहिला राखणवाफा याच बाईंनी सोडला. त्यांचं पाहून बाकीचे तयार झाले. आता त्यांचं सगळं खाचर राखाडी ठिपक्यांनी भरलं होतं. केतकीने आडवळणाने विचारलं आणि त्यांनी काही न लपवता सांगितलं. शेत फवारून झालं की पंप विसळायचा, ते पाणी ओढ्यात ओतायचं नाही. राखणवाफ्यावर मारायचं. गावात सगळेच तसं करत.

"औषध नव्हतं गो बाय ते, नुसतं विसळण. तेवढाच त्या रोपांना आधार."

त्या विसळणाने मवाळ बुरशी तेवढी मेली होती. निर्ढावलेलीला त्याने काहीच झालं नव्हतं. जी जागा मवाळ बुरशीच्या वस्तीसाठी राखली, तिथेच गावाने मायेने दुसरी पोसली होती. केतकीला या बाईंवर रागावता येईना, आणि स्वतःवर रागावून काही हाती लागणार नव्हतं. विसळणाचं काय करता, हे तिने तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

तिने शिराळकरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे एकच मार्ग सांगितला. मवाळ बुरशी आता फक्त प्रयोगशाळेच्या शीतपेटीत उरली होती. ती आणून शेतांवर सोडायची, दर पावसाळ्यात भात लावायचा, आणि सात वर्षं कशाचाही थेंब मारायचा नाही. मग कुठे सप्तम पुन्हा लागू पडेल.

केतकीने ते यशोदाबाईंना जमेल तितकं सोपं करून सांगितलं.

"म्हणजे रोग आपणच सोडायचा?"

"हो काकू."

"आणि कुणी मधेच काही मारलं तर?"

"एका घराने जरी मारलं, तरी सगळं फुकट."

यशोदाबाई खाली बसल्या. एक करपलेलं पान हातात घेऊन त्यांनी ते अंगठ्याने सारखं केलं.

"मग नाही व्हायचं हे, बाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या घरांचं सोड. डोळ्यांसमोर भात मरताना बघून सात वर्षं माझ्याच्यानेच राहवायचं नाही."