नंबर बोलला

चोपड्याच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये कॉम्प्युटर आला एक्क्याण्णव साली, आणि त्याच्यापुढे बसली सुगंधाबाई. हजेरीचा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. नंबर टाकला की हजर माणसाला एक बीप, गैरहजर असेल तर दोन. कामगार त्याला म्हणत, ‘नंबर बोलला’. एकदा बोलला म्हणजे माणूस हजर.

त्या दुपारी मॅनेजर भाईदास दार लोटून आत आले. मागोमाग सरकीचा उग्र वास आला.

"बाई, एक्केचाळीस बघा. तुमचं मशीन बिघडलंय."

एक्केचाळीस म्हणजे भिकन. सोमवारी गाठी बांधायच्या प्रेसमध्ये सापडून गेला. भरपाई द्यावी लागू नये म्हणून, त्या दिवशी तो कामावर नव्हताच, असं भाईदासांनी आज स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरात भरलं होतं. लेबर ऑफिसचे साहेब संध्याकाळी येणार, त्याआधी छापील यादी हवी होती. फाटकाशी भिकनची बायको मंजुळाबाई तीन दिवस नवऱ्याबद्दल एकच धरून बसली होती, "त्या कामवरच व्हतात वं अक्का."

सुगंधाबाईने एक्केचाळीस टाकला. पडद्यावर गैरहजर. बीप मात्र एकच.

तिने बाकीचे नंबर तपासले. ठीक होते. प्रोग्रामची ओळ न् ओळ वाचली. तीही ठीक. मग कॉम्प्युटरचा डबा उघडून तिने स्पीकरची वायर उपटली आणि तो पुरीएवढा स्पीकर हातात घेतला.

"आता टाका..." भाईदास हळूच म्हणाले.

एक्केचाळीस. स्पीकर तिच्या तळहातावर बोलला. एकदाच. खोलीत जळक्या कापसाचा वास भरला.

ती घाबरली. पण भीतीहून मोठा आला तो संताप. मेलेला माणूस स्वतःची हजेरी लावतोय, आणि आपण जिवंत असून तोंड शिवून बसायचं? तिने भिकनला हजर केलं आणि प्रिंटर सुरू केला.

"बाई... नोकरी जाईल."

"जाऊ द्या. भिकनभाऊ कामावर होते. यादी तशीच निघेल, आणि साहेबांच्या हातात मीच देईन."

यादी पहिल्या नंबरापासून निघू लागली. पहिला नंबर मॅनेजरचा. कागदावर छापून आलं, हजर.

तिच्या हातातला स्पीकर दोनदा बोलला.

भाईदास तर समोरच उभे होते.

"पुन्हा टाका ना, बाई... माझा नंबर..."

तिने पुन्हा टाकला. नंबर बोलला. दोनदा.