तेल्या कुणाच्या बागेतून आला?

कवठेवाडीत डाळिंबांवर औषध मारायला ड्रोन होते, मातीची तहान ओळखणारे खांब होते, तरी तेल्या (पानाफळांवर तेलकट डाग पाडणारा रोग) एकामागून एक बागा धरत सुटला होता. तो आला कुठून, हे कोडं सुटेना. तेजलच्या आजोबांना, म्हणजे बापूंना, कोडी आवडत नसत. नातीनं शाळेच्या रोपवाटिकेतून आणलेल्या झाडांबरोबर आला, असं सांगून ते मोकळे झाले. ती झाडं दुसऱ्या दिवशी उपटून जाळायची ठरली.

तेजलनं ती स्वतः कलम बांधून वाढवली होती. तिला फार वाईट वाटलं. पण रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. सगळ्या बागांतली डागाळलेली पानं घेऊन तिनं शाळेची प्रयोगशाळा गाठली. तिथल्या ठिपका नावाच्या यंत्रमानवाला शिकवायची भारी हौस.

"हा जिवाणू (नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय जीव) एकाचे दोन होत वाढतो," ठिपका म्हणाला. "दर वेळी जीनोमची (जीव घडवणारी, रासायनिक अक्षरांत लिहिलेली माहिती) नक्कल होते. क्वचित एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते."

"माझं चुकलेलं गणित शेजारच्या बाकावरचा इरफान उतरवतो, तसं?"

"अगदी तसं. एखाद्या चुकीमुळे जिवाणू औषधाला दाद देईनासा झाला, तर तोच जास्त पसरतो. पिढ्यानपिढ्या होणाऱ्या अशा बदलाला उत्क्रांती म्हणतात. तू आणलेल्या पानांतल्या जिवाणूंचे जीनोम मी वाचलेत. आता पडद्यावर बघ. जगतापांच्या बागेत एक चूक. मुल्लांकडे ती, शिवाय दुसरी. तुझ्या झाडांत त्या दोन्ही आणि एक ताजी. तुझ्याकडून रोग गेला असता, तर ताजी चूकही त्यांच्याकडे दिसली असती. बापूंच्या बागेत मात्र या सगळ्या पिढ्या नांदताहेत. म्हणजे रोगाचं घर तिथंच आहे."

जगताप, मुल्ला, मग मी. तेजलला हा क्रम ओळखीचा वाटला. नव्या बागेची पहिली छाटणी बापूच करत, यंदा याच क्रमानं केलेली, हळदकुंकू वाहिलेल्या मानाच्या कात्रीनं. बाकीच्या कात्र्या झाडागणिक जंतुनाशकात बुडवत. मानाची कात्री औषधात बुडवणं म्हणजे तिचा अपमान, म्हणून ती बापूंच्या बागेतून नुसती पुसून निघे.

सकाळी माणसं कुदळी घेऊन आली, तेव्हा तेजल झाडांपुढे उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. बापूंनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांनी विचारलं,

"आन् हा किडा उद्या परत बदलला तर?"

"बदलणारच, बापू. आपण त्याचा जीनोम परत वाचायचा. आणि कात्री दर वेळी बुडवायची, मानाचीसुद्धा."

बापू माणसांकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

"रोग माज्या कात्रीनं फिरवला. त्यो हुडकला माज्या नातीनं. गावात दोन्ही सांगा, पर दुसरं जरा मोठ्यानं."