मेलेलं आणा, जिवंत न्या

मिदहत कुत्र्याचे पिलू आणायला निघाला तेव्हा गुरुवारची सकाळ होती, आणि ते काम त्याला भाजी आणण्याइतके साधे वाटत होते. त्याची मुलगी दानिया शनिवारी आठ वर्षांची होणार होती. शेजारच्या बंगल्यात लोकरीच्या गुंड्यासारखे एक पांढरे पिलू आले होते आणि तेव्हापासून ती कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभी राही. मिदहत पुलांचे आराखडे करणारा इंजिनियर. नमाज चुकवत नसे. ईदला कापायचा मेंढा शेजाऱ्याच्या मेंढ्याहून मोठा असावा, इकडे त्याचे बारीक लक्ष असे. शेजाऱ्याच्या दारात आहे ते आपल्या दारात नाही, ही गोष्ट त्याच्या घशाखाली उतरत नव्हती.

त्याआधी तो शहराच्या मआदी भागात मादाम एव्हलीनकडे जाऊन आला होता. ही म्हातारी कॉप्टिक ख्रिस्ती बाई दोन वर्षांतून एकदाच आपल्या कुत्रीला पिले होऊ देई. कुत्री दिवाणखान्यात गालिच्यावर पसरलेली असे आणि आलेल्या माणसाला आधी हुंगून घेई. बाईने कॉफी पुढे ठेवली आणि विचारायला सुरुवात केली. दिवसभर घरी कोण असते? उन्हाळ्यात तुम्ही समुद्रकाठी गेलात तर हे कुठे राहील? मुलीची हौस फिटल्यावर याला कोण फिरवील?

"मादाम, मी कुत्रं न्यायला आलोय की तुमच्या लेकीला मागणी घालायला?"

"लेकीच्या वेळी इतकं विचारलं नव्हतं, बाळा. तिला तोंड होतं, ती भांडली असती," बाई म्हणाली. "पाच महिने थांब. मग ये, मुलीला घेऊन ये."

मिदहतने कॉफी अर्धी टाकली. घरी येऊन तो बायकोला, शाहिनाझला, म्हणाला, "मला प्रश्न विचारते! मला!"

लोक वाईट माणसाकडून पिलू का घेतात, याची कारणे ते पुष्कळ देतात. घाई होती, मूल रडत होते, पिलाचे डोळे बघवले नाहीत. यातले काही खोटे नसते. पण चांगला माणूस प्रश्न विचारतो आणि वाईट माणूस विचारत नाही, एवढ्यावरच बहुतेकांचा निर्णय झालेला असतो. ज्याच्यापुढे मान खाली घालावी लागत नाही, तो दुकानदार त्यांना सज्जन वाटतो.

शौकी असा सज्जन होता. शहराला वळसा घालणाऱ्या मोठ्या रस्त्यालगत, गिलावा न केलेल्या लाल विटांच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर त्याचे बिऱ्हाड होते. "पांढरं की दुधी?" एवढाच त्याचा प्रश्न. खोली लख्ख होती. टोपलीत तीन पिले होती, न्हाऊ घातलेली, अत्तर फवारलेली. अत्तराखाली दुसराही एक वास होता, जुन्या मुताचा, डोळ्यांना झोंबणारा. मागच्या भिंतीत लोखंडी दार होते आणि दाराला कुलूप. त्यापलीकडून भुंकणे ऐकू येत नव्हते. फक्त फरशीवरून नखे ओढल्याचा आवाज येई, थांबे, आणि पुन्हा, आणखी सावकाश, येई.

"मांजर आहे," शौकी न विचारताच म्हणाला आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. "आठ दिवसांचा बोल देतो, बाशमुहंदिस, इंजिनियरसाहेब. मेलेलं आणा, जिवंत न्या. मोबाइलवाला तरी देतो का एवढी हमी?"

"भला माणूस आहेस तू, मुअल्लिम, उस्ताद आहेस."

मिदहतने कुलूप पाहिले होते. विचारले असते तर उत्तर ऐकावे लागले असते, आणि उत्तर ऐकल्यावर माणसाला काहीतरी करावे लागते. त्याने पिलू घेतले आणि तो जिना उतरला.

दानियाने पिलाचे नाव सुक्कर ठेवले. सोमवारी सकाळी, ती शाळेत असताना, सुक्कर मेले.

"अडीचला येईल ती," शाहिनाझ रडवेली होऊन म्हणाली. "काय सांगायचं तिला?"

"काही सांगायचं नाही. अडीचच्या आत दुसरं आणतो. बल्ब उडाला तर कोणी सुतक पाळतं का?"

त्याने ते दोन्ही हातांनी उचलून मिठाईच्या दुकानाच्या पिशवीत घातले. शौकीने पिशवीत डोकावलेही नाही. पिशवी दाराआड गेली आणि टोपलीतले एक पिलू मिदहतच्या हाती आले. दुपारी दानियाने दप्तर टाकले आणि ती पिलासमोर बसली. बराच वेळ ती त्याच्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "सुक्कर." तिचा स्वर हाक मारण्याचा नव्हता, नवख्याला त्याचे नाव शिकवण्याचा होता.

ते पिलू रविवारी मेले. तिसरे आले. मिदहतला आता रस्ता पाठ झाला होता.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी वाळवंटातले वादळ शहरावर आले. भर दुपारी आभाळ हळदीच्या रंगाचे झाले, शाळा बंद राहिल्या, आणि बंद खिडक्यांतूनही दातांखाली वाळू येऊ लागली. तिसऱ्या पिलाने सकाळपासून दूध घेतले नव्हते. दानिया त्याला मांडीवर घेऊन बसली होती.

"बाबा, याला तरी त्याच्या आईकडे नेऊन सोडा."

"याला तरी म्हणजे?"

"पहिल्याच्या कानात तपकिरी ठिपका होता," ती म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता, आणि तेच मिदहतला सोसवेना. "तुम्ही फसवलंत, ते मी कोणाला सांगणार नाही. पण याला आईजवळ ठेवून या. वल्लाही म्हणा."

"वल्लाही. अल्लाहची शपथ, आईजवळ ठेवीन."

"मग मी तुमच्यावर परत विश्वास ठेवीन," मुलगी म्हणाली. आठ वर्षांच्या मुलीपाशी देण्याजोगे जे एकच असते, ते तिने बापापुढे दुसऱ्यांदा ठेवले.

रस्त्यावर दुपारीच गाड्यांचे दिवे लागले होते. शौकीच्या इमारतीत वीज नव्हती. जिना चढताना मिदहतच्या हातातले पिलू इतके हलके होते, की ते आहे याची खात्री करायला त्याला दोनदा थांबावे लागले.

"हे अजून जिवंत आहे," शौकी तोंडावरचा रुमाल बाजूला करून म्हणाला. "बोल मेलेल्याचा आहे, बाशमुहंदिस. उद्या या."

"याची आई कुठंय?"

शौकी हसला. मग हसायचा थांबला. "कोणाची आई?"

"याची. मला याला तिच्याजवळ ठेवायचंय."

"इतकी वर्षं झाली..." शौकी हळू म्हणाला, "आजवर कोणी विचारलं नाही हो." किल्ली त्याच्या खिशातच होती. तरी ती सापडायला त्याला फार वेळ लागला.

आत न्हाणीघर होते. खिडकी विटांनी बुजवलेली. एकावर एक पिंजरे रचले होते आणि त्यांत डोळे होते, पण आवाज नव्हता. इतक्या कुत्र्यांतले एकही भुंकले नाही. शौकी मोबाइलचा उजेड धरून दारातच थांबला. "सगळ्यात खालचा... डावीकडचा."

मिदहत गुडघ्यांवर बसला. उजेड तिथवर पोचत नव्हता. पिवळट पडलेली लोकर तेवढी कळत होती, आणि आत वळून तळव्यात रुतलेली नखे. त्याने पिंजऱ्याचे दार उघडले, पिलू तिच्या पोटाशी ठेवले आणि हात मागे घेऊ लागला.

तेव्हा ती त्याचा हात चाटू लागली.

आधी उजवा, मग डावा. नुकत्याच जन्मलेल्या पिलाची वार सोडवताना चाटावे तशी, बोटाबोटातून, हात उलटवून, पुन्हा सुलटवून. मधेच ती थांबे, त्याच्या तळव्यात नाक खुपसून काही शोधे, आणि तिथेच पुन्हा सुरुवात करी. याच हातांनी त्याने दोन पिले पिशवीत घातली होती. हात ओढून घ्यावेत असे त्याला वाटले, पण ते त्याचे राहिले नव्हते. त्या जिभेला ऊब नव्हती.

"शौकी... आवर हिला."

"कोणाला?"

"अरे, हिला... चाटतेय..."

शौकी जवळ आला. उजेड खाली सरकला.

"ही तर कालच गेलेली दिसतेय, बाशमुहंदिस..." शौकीचा आवाज बसला होता. "बघा ना... डोळ्यांत मुंग्या आहेत."

त्याने पायाने तिला ढकलले. ती लाकडासारखी, सगळी एकदम हलली. तिच्या पोटाशी ठेवलेले पिलू मात्र आचळाला लागले होते, आणि त्या शांततेत त्याचे एकेक घोट स्पष्ट ऐकू येत होते.

अल्लाह माणसाला दार उघडून दाखवतो. आत जायचे की नाही, ते माणसाने ठरवायचे. मिदहतला ते पिलू उचलून डॉक्टरकडे धावता आले असते. बाकीच्या पिंजऱ्यांना साधी कडी होती. पण त्या घटकेला त्याच्या मनात एवढेच आले, की आईजवळ ठेवीन म्हणालो होतो आणि ठेवले. शपथ पुरी झाली. पुलाचा हिशेब जुळल्यावर होई तसे त्याला समाधान झाले.

शौकीने कुलूप लावले. तोंडाला वळण पडलेले. ते आपोआप बोलले. "दुसरं... नेता का?"

मिदहतने नेले.

खाली रस्त्याच्या नळावर त्याने हात धुतले. कुत्र्याने तोंड लावलेले भांडे धर्मात सांगितल्याप्रमाणे धुवावे तसे सात वेळा, पहिल्यांदा माती लावून. धुणे त्याने मोजले, रुमालाने हात कोरडे केले. गाडीपर्यंत पोचेतो ते पुन्हा ओले झाले होते.

दानिया दारात उभी होती. "आईजवळ ठेवलंत?"

"ठेवलं. वल्लाही."

यात अक्षरही खोटे नव्हते. तेवढ्यात त्याच्या काखेतल्या खोक्यातून चौथे पिलू कुईं कुईं करू लागले. दानियाने खोक्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे, आणि ती आपल्या खोलीत निघून गेली. दार तिने आपटले नाही.

चौथे पिलू मेले नाही. बशीतल्या दुधाला ते तोंड लावत नसे. मिदहत बसला की सरपटत त्याच्याकडे येई आणि त्याचा तळवा चोखू लागे. त्याने झटकले तरी पुन्हा येई. आठवड्यात ते गलेलठ्ठ झाले. शाहिनाझने एकदा तो प्रकार पाहिला आणि ती माहेरी जाण्याच्या गोष्टी करू लागली. मिदहत कचेरीत हातमोजे घालू लागला. विचारणाऱ्यांना तो सांगे, "खरूज झालीय."

त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी तो दानियाला घेऊन जुम्म्याच्या नमाजाला गेला. मशिदीत हातमोजे काढावे लागले. नमाज संपला, आणि शेजारी बसलेल्या हाजी फहमींनी रिवाजाप्रमाणे "हरमन", म्हणजे पुढचा नमाज मक्केत घडो, असे म्हणून त्याचा हात हातात घेतला. ऐंशीचा म्हातारा. त्याने आपला तळवा पाहिला, नाकाशी नेला, आणि त्याचा सुरकुतलेला चेहरा फुलला.

"दुधाचा वास येतोय रे! घरात तान्हं आलंय का? मबरूक, बेटा, मबरूक!"

मिदहतने हात खिशात घातले. खिशातही कोणीतरी ते सावकाश, बोटाबोटातून, चाटतच होते.

दानिया फाटकाशी उभी होती. समोरचा रस्ता रुंद, गाड्या भरधाव. सवयीने त्याने खिशातून हात काढून तिच्यापुढे धरला. ती दोन पावले आली आणि थांबली. पाळण्यात पाहायला वाकावे तशी ती त्याच्या तळव्यावर वाकली, आणि तिने त्याच्या सदऱ्याचे टोक मुठीत धरले.

"हाताला धर," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "दानिया... हाताला धर."

"हळू बोला ना, बाबा," ती कुजबुजली. "तिथं जागा नाही. त्या दोघांजवळ तिसरं आत्ताच आलंय."