बिनलसणाचा रविवार

"फळी धुऊन घ्या. सुरीसुद्धा. आणि कातडी अजिबात नको," मी चिकनवाल्याला बजावलं.

"माझंही अगदी असंच द्या," मागून आवाज आला.

मी वळून पाहिलं. उंच, जरासा वाकून उभा, चष्म्याआडून हसणारा... दिसायला चांगलाच होता, म्हणूनच मला पहिला संशय आला. माझी चेष्टा करतोय की काय हा?

सांगूनच टाकते, संशय घेणं हे माझं कामच आहे. विमा कंपनीत मी दावे तपासते. लोक निरागस चेहऱ्यानं खोटं बोलतात, त्यावर माझं पोट चालतं. आणि त्या पोटाचं म्हणाल, तर कांदा, लसूण, मिरची, दूध यातलं चमचाभर जरी गेलं तरी मी आडवी! डॉक्टरांनी सांगितलंय, हे असंच राहणार. लोकांना मात्र पटत नाही. "एवढ्याशानं काय होतंय," म्हणत माझ्या सख्ख्या मावशीनं एकदा भाजीत गुपचूप लसूण घातला होता. का, तर माझ्या मनातली भीती जावी म्हणून. ठरत आलेलं एक लग्नही असंच मोडलं. मुलाच्या आईनं "अगदी साधं केलंय हो" म्हणून वाढलं, मी रात्रभर कळवळले, आणि मग निरोप आला, मुलगी नखरेल आहे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मला तर दूधही बंद आणि ताकही! तेव्हापासून मी दुसऱ्याच्या हातचं खाणंच सोडलं. पण ज्याच्या हातचा घास खायची भीती वाटते, त्याच्याशी संसार तरी कसा करायचा?

"कुणासाठी नेताय?" मी त्याला ऑफिसातल्या आवाजात विचारलं.

"बाबांसाठी. पोटाचं ऑपरेशन झालंय त्यांचं. कांदा-लसूण, तिखट, सगळं बंद."

"मग रस्सा दाट कशानं करता?"

"लाल भोपळ्यानं. वाफवायचा आणि वाटायचा."

"फोडणीला?"

"जिरं आणि आलं. बाबांना आलं चालतं. तुम्हाला?"

खोटं बोलणारा नेमका इथंच अडखळतो. हा अडखळला नाही. "चालतं," एवढंच म्हणून मी पिशवी उचलली आणि भराभर चालू लागले. कोपऱ्यावर मात्र मान आपोआप मागे वळली. तो बघतच होता!

त्याचं चष्म्याचं दुकान माझ्या ऑफिसच्या मागच्याच गल्लीत निघालं. हा योगायोग मला मुळीच आवडला नाही. थोड्याच दिवसांत माझ्या चष्म्याची काडी तुटली.

"तुटली की तोडलीस?" मावशीनं विचारलं. संशय आमच्या घराण्यातच आहे.

काडी बसवता बसवता त्यानं नंबरही तपासायला घेतला. अर्धवट अंधारात तो एकेक काच बदलत होता.

"आता बरं दिसतंय, की आधी बरं होतं?"

"आधी."

"आणि आता?"

"आता... तुम्ही फार जवळ उभे आहात."

"खोलीच लहान आहे हो."

"सगळ्या गिऱ्हाइकांना हेच सांगता?"

"सगळ्यांना. पण त्यांच्या उत्तराची वाट बघताना मला घाम फुटत नाही."

मनात शंकेची पाल चुकचुकली. इतकं गोड बोलणाऱ्या माणसाचं नक्की कुठंतरी पाणी मुरत असतं. तरीही चष्मा नाकाला टोचतो म्हणून मी पुन्हा गेले. मग सैल झाला म्हणून गेले. शेवटी काहीच झालं नव्हतं तरी गेले.

"रविवारी घरी या," तो काच पुसत म्हणाला. वर न बघता. "बाबांसाठी रस्सा करतोच मी."

"मी कुणाकडे जेवत नाही."

"मग नुसतं बघायला या. उलटतपासणी घ्या माझी."

"घेईनच."

रविवारी मी हाताची घडी घालून त्याच्या ओट्याजवळ उभी राहिले. हळदीच्या डब्याचा वास घेतला. धण्याच्या पुडीवरची बारीक अक्षरं वाचू लागले, तर त्यानं गंभीर चेहऱ्यानं माझ्यापुढे भिंग धरलं. मी हसले नाही... म्हणजे, दिसेल असं हसले नाही.

"पोरी, मी मेलो तर या रश्श्यानंच मरेन," बाहेरून बाबा ओरडले. "चव म्हणून नाही त्यात!"

त्यानं तेलात जिरं टाकलं, किसलेलं आलं परतलं. हळद, धणेपूड, मग चिकन. वाफवलेला भोपळा मिक्सरमधून काढून घातला, तसा रस्सा केशरी झाला. मंद आचेवर तो रटरटू लागला आणि माझ्या पोटात कावळे ओरडू लागले. मी सगळं पाहिलं होतं. काहीसुद्धा चुकीचं नव्हतं.

पानं वाढली. पहिला चमचा बाबांचा, तो त्यांचा मान. त्यांनी तो तोंडात घातला आणि मिटक्या मारल्या.

"वा रे पठ्ठ्या! आज झकास झालंय!"

मी भात कालवला. समोर तो इतक्या आशेनं बघत होता, की मी डोळे मिटले आणि घास ओठांपाशी नेला...

त्यानं माझं मनगट धरलं.

"थांबा."

"का?"

"बाबांनी आजवर या रश्श्याला कधी झकास म्हटलेलं नाही."

त्यानं बाबांचं ताटही बाजूला सरकवलं आणि तो उठून आत गेला. मीही मागोमाग. त्यानं मिक्सरचं भांडं उलटं करून पातं सोडवलं, त्याखालची रबरी चकती काढली, नाकाशी नेली. त्याचा चेहराच पडला.

"लसूण," तो म्हणाला. "काल शेजारच्या काकूंनी भांडं नेलं होतं. त्यांनी धुऊन दिलं, मीही धुतलं. चकती काढायची राहिली."

मी चकती हातात घेतली. वास होता. अगदी पुसट, पण होता. डबे हुंगले, पुड्या वाचल्या, आणि या चकतीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

"कदाचित तुम्हाला काही होणारही नाही," तो खाली बघत म्हणाला. "पण मला खात्री नाही. नका खाऊ."

तो गप्प बसला असता तर? मी जेवले असते. मग दुखलं असतं, तरी ते कशानं हे मला कधीच कळलं नसतं. त्याला हवा होता तो रविवार त्यानं स्वतःच्या हातानं मोडला होता. इतकी वर्षं माझ्या ताटावर मी एकटीच पहारा देत आले होते. आज माझ्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी संशय घेतला होता. माझे डोळे भरून आले. प्रेमात आधीच पडले असेन मी, पण कबूल केलं ते तिथं, त्या ओट्याजवळ.

"आता तुम्ही परत येणार नाही," तो पुटपुटला.

"चिकन उरलंय का?"

"...थोडं आहे."

"मग पुन्हा करा."

"भोपळा पळीनंच ठेचतो. येता ना बघायला?"

"नाही," मी म्हणाले, आणि बाहेर येऊन स्वयंपाकघराकडे पाठ करून बसले.

"जा की," बाबा कुजबुजले. "पोरगं घाबरलंय. काय घालेल नेम नाही."

प्रत्येक झाकणाचा आवाज कानात शिरत होता. दोनदा उठले आणि दोनदा परत बसले. पण मागे वळून पाहिलं नाही.

शेवटी त्यानं वाढलं. भोपळ्याच्या गुठळ्या तशाच होत्या. मी घास घेतला, चावला, गिळला. तो श्वास रोखून उभा होता.

"खरं सांगा. कसं झालंय?"

"मीठ राहिलंय," मी म्हणाले. "आणि मला तुम्ही आवडता. दोन्ही खरं आहे."

तो मीठ आणायला म्हणून जो आत पळाला, तो येईचना. मी जाऊन पाहिलं. मीठ ओट्यावर समोरच होतं आणि हा कपाट धुंडाळत होता. मी बरणी उचलून त्याच्या हातात दिली. त्यानं बरणी घेतली, आणि बरणीबरोबर माझा हातही... मग सोडलाच नाही.

बाबांनी त्या दिवशी अळणीच जेवण संपवलं.